मशीन ‘नाही’ म्हणतंय आणि डॉक्टर ‘हो’

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. सव्वा महिन्यापासून तिला खोकला आहे, संध्याकाळी अंग कोमट लागतं. दोन महिन्यांत वजन चौदा किलोवरून सव्वातेरावर आलं. आमच्याबरोबर राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांना चार महिन्यांपूर्वी फुफ्फुसाचा टीबी निघाला, त्यांचं औषध चालू आहे. मुलीला अँटिबायोटिकचा एक कोर्स देऊन झाला, फरक पडला नाही. एक्स-रेमध्ये छातीतल्या गाठी मोठ्या दिसतात म्हणाले. मग सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. ती इतकी रडली की मला बघवेना. ते पाणी जीनएक्सपर्ट मशीनवर लावलं आणि त्याच दिवशी रिपोर्ट आला : टीबीचा जंतू आढळला नाही. मला हायसं वाटलं. पण डॉक्टर म्हणतात, तरीही टीबीचीच औषधं सुरू करू. कल्चरही लावलंय, त्याला सहा आठवडे लागतील. एवढी आधुनिक तपासणी निगेटिव्ह असताना एवढ्याशा पोरीला महिनोन्‌महिने औषधं का द्यायची? कल्चर येईपर्यंत थांबले तर चालेल का? ओळखीतल्या एका मुलीचं निदान म्हणे नुसत्या शीच्या तपासणीवर झालं, हे खरं का? आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाचं काय करू?
– एक आई

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं ते तुमचं हायसं वाटणं. ‘आढळला नाही’ हे शब्द वाचून कुठल्याही आईला तसंच वाटेल. पण तुम्ही जे लिहिलंय तेवढ्यावरून मला तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं पटतं. औषधं सुरू करा, कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातला जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीसाठी, थांबू नका. का ते जरा विस्ताराने सांगते, कारण मनात शंका राहिली तर रोज न चुकता औषध पाजणं तुम्हालाच जड जाईल.

तुमच्या मुलीची झाली ती तपासणी खरोखरच फार चांगली आहे. १८८२ साली रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू दाखवला, आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं आपण बहुतेक ठिकाणी बेडका काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिलो. त्या पद्धतीत जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू लागतात. जीनएक्सपर्टसारखं मशीन जंतू बघत नाही, त्याचा डीएनए शोधतं. नमुना एका बंद डबीत घालायचा, आत त्या डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या लाखो प्रती तयार होतात आणि मशीनला तो ओळखता येतो. पहिल्या आवृत्तीला मिलिलिटरला साधारण १३० जंतू पुरायचे. नंतर आलेल्या ‘अल्ट्रा’ला साधारण १६ पुरतात. वर दोन तासांच्या आत उत्तर, आणि जंतू सापडलाच तर तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणार की नाही, तेही कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये या तपासणीची शिफारस केली, २०१३ मध्ये ती मुलांसाठी वाढवली.

मग एवढं तीक्ष्ण मशीन चुकलं कसं? माझ्या मते ते चुकलंच नाही. त्याने आपल्याला खरं उत्तर दिलंय, फक्त आपण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा समजतोय. तुमच्या मनातला प्रश्न आहे, ‘माझ्या मुलीला टीबी आहे का?’ मशीनला विचारलेला प्रश्न होता, ‘त्या सकाळी पोटातून काढलेल्या या थोड्याशा पाण्यात टीबीच्या जंतूचा डीएनए आहे का?’ या दोन प्रश्नांमधलं अंतर मोठ्या माणसात कमी असतं. लहान मुलात ते फार असतं.

मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात टीबीने पोकळी पडते, तिथे जंतूंची बेसुमार वाढ होते आणि ते खोकल्याबरोबर बेडक्यात येतात. चार वर्षांच्या मुलीचा आजार बहुतेकदा तसा नसतो. जंतू थोडे असतात आणि छातीतल्या लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे त्या सुजलेल्या गाठींमध्ये, दडून बसलेले असतात. श्वासनलिकेत उतरतात ते त्यातलेही थोडेच. त्यात या वयाची मुलं बेडका बाहेर टाकत नाहीत, गिळतात. रात्रभर गिळलेला तो बेडका पोटात साठतो. मूल उठून खायला-प्यायला लागलं की तो पुढे सरकतो. म्हणून भल्या सकाळी, उपाशीपोटी नळी घालायची. तुमची मुलगी रडली ते निष्कारण नव्हतं, त्या वेळी त्याच मार्गाने नमुना मिळणार होता. पण त्या नमुन्यात जंतू उतरले असतीलच असं नाही. विहिरीत मासा आहे की नाही हे एका तांब्यातल्या पाण्यावरून ठरत नाही. तांब्यात मासा आला तर मात्र वाद संपला.

आकड्यांत सांगते. ज्या मुलांच्या नमुन्यातून कल्चरमध्ये जंतू उगवतो, अशा १०० मुलांपैकी पोटातल्या पाण्यावरच्या या तपासणीत साधारण ७० सापडतात. शौचाच्या नमुन्यावर ५५ ते ६०. नाक-घशातून ओढून घेतलेल्या द्रावावर ४५ च्या आसपास. आणि हे सगळं कल्चरला प्रमाण मानून. खुद्द कल्चरच लहान मुलांमध्ये अर्ध्याहून अधिक वेळा रिकामं येतं, जरी आजाराची बाकीची सगळी लक्षणं टीबीचीच असली आणि मूल टीबीच्या औषधांनीच बरं झालं तरी. ढोबळ हिशेब मांडा : टीबी असलेल्या १०० लहान मुलांपैकी ४० जणांचं कल्चर पॉझिटिव्ह आलं असं धरलं आणि त्यातली ७० टक्के मशीनने पकडली, तर ती होतात २८. उरलेल्या ७२ मुलांच्या हातात तुमच्या मुलीसारखाच कागद असतो.

याउलट ज्या मुलांना टीबी नाही, त्यांच्यात हे मशीन चुकून ‘आहे’ असं क्वचितच म्हणतं. थोडक्यात, त्याच्या ‘हो’वर भरवसा ठेवावा. त्याचं ‘नाही’ मात्र एकट्याने वाचायचं नसतं, बाकीच्या गोष्टींशेजारी ठेवून वाचायचं असतं.

आणि तुमच्या घरातल्या बाकीच्या गोष्टी बोलक्या आहेत. सव्वा महिन्याचा खोकला. उतरलेलं वजन, आणि ते माझ्या दृष्टीने खोकल्याइतकंच महत्त्वाचं, कारण या वयात वजन नुसतं थांबलं तरी आम्ही कान टवकारतो, इथे तर ते घटलंय. अँटिबायोटिकने फरक नाही. एक्स-रेत मोठ्या गाठी. आणि एकाच घरात राहणाऱ्या माणसाला चार महिन्यांपूर्वी निघालेला फुफ्फुसाचा टीबी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दहा वर्षांखालच्या मुलांच्या फुफ्फुसाच्या टीबीसाठी निर्णयाची एक वाट आखून दिली. लक्षणं हटत नाहीत, जीन तपासणी (म्हणजे जीनएक्सपर्टसारखी डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आहे किंवा करताच आली नाही, आणि गेल्या १२ महिन्यांत घरात किंवा निकटच्या सहवासात टीबीचा रुग्ण होता, दुसरं पटण्यासारखं कारणही दिसत नाही, तर त्या वाटेवर पुढची पायरी औषध सुरू करणं हीच आहे. तुमचे डॉक्टर मनाला येईल ते करत नाहीयेत.

याच निगेटिव्ह रिपोर्टबद्दल मी दुसऱ्या एखाद्या आईला वेगळं सांगितलं असतं. घरात कुणाला टीबी नाही, एक्स-रे स्वच्छ, मूल खातंपितं, वजन चढतंय, फक्त खोकला रेंगाळलाय. अशा मुलात हाच कागद हाती आला तर तो धीर देणारा आहे, आणि मी दम्यासारखी दुसरी कारणं शोधायला लागले असते.

आता थांबण्याबद्दल. समजा तुम्ही सहा आठवडे थांबलात आणि कल्चरही निगेटिव्ह आलं. मग? वर सांगितलं तसं, त्यानेही टीबी नाही असं सिद्ध होत नाही. तुम्ही पुन्हा आजच्याच जागी उभ्या असाल, फक्त मुलीचं वजन आणखी घटलेलं असेल. लहान मुलांमध्ये, त्यातही पाच वर्षांखालच्या, टीबी झपाट्याने अंगात पसरू शकतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. मेंदूच्या टीबीने कायमचं अधू झालेलं मूल ज्या डॉक्टरने पाहिलंय, तो सहा आठवडे वाट बघा असं म्हणणार नाही. मीही म्हणणार नाही. कल्चर लावलंय ते योग्यच आहे, त्यात जंतू उगवला तर कुठली औषधं लागू पडतात ते नीट कळेल. ते येईल तेव्हा येऊ दे, औषधं त्याच्या आधी सुरू होऊ देत. या काळात ती सुस्त वाटली, सतत उलट्या झाल्या, डोकं दुखतंय म्हणाली, मान ताठ वाटली, झटका आला किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच घटकेला दवाखाना गाठा.

मशीनला जंतूच सापडला नसल्यामुळे एक गोष्ट मात्र आपल्याला कळलेली नाही : तो जंतू औषधांना दाद देणारा आहे की नाही. ही माहिती बहुतेक तुमच्या घरातच पडलेली आहे. मुलीला लागण झाली ती जवळजवळ नक्की आजोबांकडून, म्हणजे जंतू तोच. त्यांच्या फायलीत बेडक्याच्या जीन तपासणीचा रिपोर्ट असेल आणि त्यावर रिफॅम्पिसिनपुढे काहीतरी लिहिलेलं असेल. तो कागद शोधा आणि मुलीच्या डॉक्टरांना दाखवा. तसा रिपोर्टच नसेल, किंवा महिनोन्‌महिने औषध घेऊनही आजोबांचा खोकला जात नसेल, तर तेही सांगा. मुलीची औषधं योग्य निवडली जायला याहून उपयोगी कागद तुमच्याकडे दुसरा नाही. हे आजोबांना सांगताना जपून सांगा एवढीच विनंती. नातीला आपल्यामुळे झालं हे ओझं त्यांच्या मनावर आधीच असेल. जंतू हवेतून जातो, त्यात त्यांचा काही दोष नाही.

शीच्या तपासणीबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि मला या गोष्टीचा फार आनंद आहे. गिळलेला बेडका पोटातून आतड्यात जातो आणि जंतूचा डीएनए शौचात उतरतो. तिथून तो मशीनला सापडू शकतो. २०२० पासून जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी हा नमुना ग्राह्य धरते. नळी नाही, उपास नाही, रडारड नाही. मूल शी करेल तेव्हा स्वच्छ, झाकणाच्या रुंद तोंडाच्या डबीत लहान चमच्याभर घ्यायची, त्यात लघवी मिसळू द्यायची नाही आणि ताजी असतानाच प्रयोगशाळेत पोचवायची. पोटातल्या पाण्याच्या मानाने ती थोडी कमी मुलांत जंतू पकडते, पण दोन वेगवेगळे नमुने तपासले की एकाने निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडण्याची शक्यता वाढते. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. औषधाच्या पहिल्या डोसआधी शीचा एक नमुना देता आला तर उत्तम. पण त्या दिवशी तिला शी झालीच नाही, तर त्यासाठी औषध अडवून धरू नका.

नव्या आवृत्तीच्या मशीनवर हा दुसरा नमुना लागला तर रिपोर्टवर कदाचित ‘ट्रेस’ असा शब्द दिसेल. तो बघून पुष्कळ आईबाप गोंधळतात. ही आवृत्ती जंतूच्या डीएनएतले असे तुकडेही शोधते, ज्यांच्या एकाच जंतूत बऱ्याचदा अनेक प्रती असतात. त्यामुळे जंतू अगदी मोजके असले तरी त्यांचा माग लागतो. रिफॅम्पिसिनचा अंदाज ज्या जनुकावरून येतो त्याची मात्र प्रत एकच, ती इतक्या कमी जंतूंत पुरत नाही. म्हणून ‘ट्रेस’ म्हणजे जंतू आहे, औषधाबद्दल काही सांगता येत नाही. मोठ्या माणसात, विशेषतः आधी टीबी होऊन गेलेला असेल तर, ‘ट्रेस’वर आम्ही दोनदा विचार करतो. लक्षणं असलेल्या मुलात तो पॉझिटिव्हच धरायचा.

कुणी रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणारी तपासणी सुचवली तर करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच तिच्याविरुद्ध सल्ला दिलाय. हातावरची मॉन्टू टेस्ट वेगळी. ती पॉझिटिव्ह आली तर जंतूशी गाठ पडली होती एवढं कळतं, आजार आहे की नाही ते नाही.

महिनोन्‌महिने औषधं, हा तुमचा सगळ्यात मोठा धसका. तो थोडा हलका करता येईल. १६ वर्षांखालच्या ज्या मुलांचा टीबी सौम्य आहे, म्हणजे गाठींपुरता किंवा फुफ्फुसाच्या एका भागापुरता, पोकळी नाही, श्वासनलिका दाबली गेलेली नाही, त्यांना सहाऐवजी चार महिने औषध पुरतं असं एका मोठ्या चाचणीतून दिसलं आणि २०२२ पासून तशी शिफारस आहे. हा आजार सौम्य की गंभीर हे ठरवताना नमुन्यात जंतू किती होते तेही बघतात. म्हणजे ज्या निगेटिव्ह रिपोर्टने तुम्हाला कोड्यात टाकलं, तोच उपचार छोटे करायला कामाला येऊ शकतो. ‘माझी मुलगी चार महिन्यांच्या उपचारांत बसते का?’ हा प्रश्न लिहून नेऊन विचारा.

मुलं ही औषधं मोठ्यांपेक्षा चांगली सोसतात. पाण्यात विरघळणाऱ्या, गोडसर चवीच्या, मुलांच्या मापाच्या एकत्रित गोळ्या २०१६ पासून मिळू लागल्या आहेत, मोठ्यांची गोळी मोडून कुटून द्यायची गरज नाही. किती गोळ्या ते वजनावर ठरतं, म्हणून वजन वाढलं की डोस पुन्हा तपासून घ्या. लघवी नारिंगी-लाल होईल, ते रिफॅम्पिसिनमुळे, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा ती खायलाच तयार नसली, तर मात्र औषध थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा, यकृतावर परिणाम झालाय का ते बघावं लागतं.

गुण येतोय की नाही हे बघायला मशीनवर पुन्हा तपासणी करू नका. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्याला सापडतो, त्यामुळे बरं होत असलेल्या मुलाचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरात उगाच रडारड होते. इथे खरा मोजमापाचा काटा म्हणजे वजनाचा. एक-दोन महिन्यांत ताप गेलेला असावा, भूक लागलेली असावी, वजन वर सरकायला लागलेलं असावं. तसं झालं नाही तर डॉक्टरांनी निदानाचा पुन्हा पहिल्यापासून विचार करायला हवा : औषधं रोज पोटात जातायत ना, जंतू औषधाला दाद देतोय ना, आजार खरंच टीबीच आहे ना. कागदावर निगेटिव्ह रिपोर्ट असताना उपचार सुरू केलेल्या मुलाबाबत हा फेरविचाराचा दरवाजा उघडा ठेवणं डॉक्टरांचं काम आहे, आणि तुम्ही त्यांना त्याची आठवण करून दिलीत तर चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

राहिला मोठा मुलगा. बहिणीपासून त्याला फारसा धोका नाही, एवढ्या लहान मुलांच्या खोकल्यातून जंतू सहसा पसरत नाहीत, दोघांना एकमेकांपासून तोडू नका. पण तोही आजोबांच्याच घरात श्वास घेत होता. त्यालाही याच आठवड्यात दाखवा. खोकला, ताप, वजन, गरज वाटली तर एक्स-रे. तो ठणठणीत असेल तर त्याच्यावर जीन तपासणी करायची नाही, नमुन्यात काही सापडणारच नाही. त्याला आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध द्यायचं, कुठलं औषध निवडलं त्यावर तीन ते सहा महिने. ते औषधही आजोबांच्या त्या रिपोर्टवरच ठरेल. तुम्ही स्वतः आणि घरातले बाकीचेही तपासून घ्या. आया आपलं नाव या यादीत शेवटी घालतात किंवा घालतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

उद्या जाताना तीन गोष्टी बरोबर न्या : आजोबांची फाइल, मुलीच्या वजनाच्या जुन्या नोंदी आणि झाकणाची एक स्वच्छ डबी.